खंडेनवमीची वायर

हॅलो? … हो, बोला… हो, वरूनच बंद आहे… अहो, वरूनच बंद आहे म्हणून राह्यलो ना! सुरू झालं की आपोआप येते. तुम्ही फोन लावून लावून का लवकर… कोण?

आचल?

अवं, माफ कर बाई. सकाळपासून सेलूच्या लोकायनं डोकं खाल्लं. नाव पाहाची बी उसंत नाई. मले वाटलं सदाशिवराव होय. त्याले व्हिडीओवर नातवाचं तोंड पाहाचं आहे, अन् कवडू केबलचं नेट बंद, म्हणून मले शिव्या देऊन राह्यला… हो, तोच, टेकडीजवळचा… बोल, बोल. पोचली का वडनेरले?

बरं झालं. हिंगणघाटवरून लगेच भेटली का गाडी? … उभ्यानं? … अरेरे. म्या म्हटलं होतं, आज राह्य, उद्या दसरा इथंच कर. आयकत नाई तू. … जेवली का? … काऊन नाई जेवली? तुह्या मायनं काही केलं नाई का? … मंग खाऊन घे ना दोन घास. सणाचं ताट तसंच ठेवते का कोणी?

आचल… तू रडून राह्यली का?

नाई कशी? तुहा आवाज मले समजत नाई का? … हे पाह्य, एका नेटवर्कच्या परीक्षेनं… हो… हो, मले माहीत आहे, अर्धा पेपर झालता… हो, चांगला चालला होता… सांगतलं तू. बसस्टँडवर बी सांगतलं… अवं आयक ना… आयक तर… ती कॅमेऱ्यातून पाहणारी बाई, तिनं पेपरच बंद केला तर तू का करशीन? तिले तू दिसलीच नाई, तिनं केलं बंद. अन् मोबाईल तर तुहा बाहेर काकूजवळ ठेवला होता, त्यायच्याच नियमानं. तू बोलणार कशी होती? नेट गेलं, त्यात तुहा का दोष? वरूनच गेलं तर कोणाचाच दोष नाई.

कोणाचाच नाई म्हणतो मी!

नाई, ओरडून नाई राह्यलो. आवाजच असा आहे माहा.

का म्हणते? … मेल आली? कोणाची, परीक्षावाल्यायची? … मराठीत सांग ना बाई, मले का समजते ते… हां… हां… म्हणजे नेट देणाऱ्याकडून बिघाड झाला असन तर कारण कळवा, पुन्हा बसवतो… असं? मंग चांगलंच आहे ना! … उद्यापर्यंत. अन् नाई कळवलं तर? … संपलं. पुन्हा नंबर लागेलोक दोन महिने. … अन् पुण्याची कंपनी तोवर थांबत नाई. … हो, त्यायनं आधीच सांगतलं होतं, या महिन्यात पास व्हा तर या, नाई तर राह्यलं.

मंग पाठव ना कारण! आता पाठवून टाक. लिही, वरूनच बंद होतं.

नाई पाठवत? काऊन नाई पाठवत?

… सोमवारपासून? कुठी? … माह्याकडे? दुकानात कामाले?

नाई, नाई, आहे मी फोनवर. आयकून राह्यलो. … खुशीच आहे ना. खुशी कशी नाई? दुकान तुहंच आहे, पोरी. … पण असं एकाएकी… इतकी रात-रात जागून अभ्यास केला… दादाले, तुह्या बाबाले विचारलं का? … जवळच बसला आहे? … नको, त्याले नको देऊ… अवं नको…

हो दादा. हो, आयकलं म्या आता. … हो, ती म्हणून राह्यली. … आभार कशाचे, दादा? माही पोरगीच आहे ती. … नाई, काही केलं नाई म्या. नेट चांगलं आहे म्हणून तू माह्याकडे पाठवली, अन् नेटच… हो. … हो, नशीब म्हणाचं, दुसरं का. … अरे नको, वांगी नको. कोबी बी नको. … दादा, आयक ना, उद्या सोनं द्याले ये, बस. पोतं भरून भाजी नको आणू. … नाई, रागावलो नाई. सणाचं उगाच ओझं नको, म्हणून म्हटलं. … दे, दे तिले.

हां, आचल. बाहेर जा जराक. अंगणात जा. … गेली?

हे पाह्य, ते सोमवारचं… हो, म्या म्हटलं होतं. … हो, हे बी म्हटलं होतं. कागद चाटून नेट चालत नाई. … हो. खांबावर चढल्याशिवाय वायर समजत नाई. … अवं, पाठच करून ठेवलं का तू माहं सगळं? … 'ज्याले हातानं करता येत नाई तो सर्टिफिकेट करते'? हे मी कवा म्हटलं? … पोळ्याच्या दिवशी? सगळ्यायसमोर? … असन म्हटलं. सणासुदीले माहं तोंड सुटते.

पण ते सगळं खरं नाई.

म्हणजे खोटं बी नाई. आता पाह्य, मले सेलूतली एक एक वायर माहीत आहे. कोणत्या छपरावर वांदरं बसते अन् कोणत्या लिंबाच्या फांदीले फायबर घासते, डोळे मिटून सांगतो. हे कोणत्या पुस्तकात आहे? नाई ना? … हां. पण केळझरच्या पुढं गेलो, आचल, की मले एक बी खांब ओळखत नाई. नागपूरले गेलतो ना मी कामासाठी, ती मोठी बिल्डिंग होऊन राह्यली होती तिथं? तिथचा मॅनेजर म्हणे, तुमचं शिक्षण? म्या म्हटलं, शिक्षण नाई, काम पाहा, सेलूत कोणाले बी विचारा. तो म्हणे, सेलू कुठी आलं? … हास, हास. खरंच म्हणे. म्या रस्ता सांगाले सुरू केला, तवर त्यानं दुसऱ्याले आत बोलावलं.

तेच सांगून राह्यलो. त्याची का गलती? तो मले ओळखत नाई. कागद म्हणजे अनोळखी माणसानं तुह्यावर भरोसा ठेवाची सोय आहे. हाताचं काम तुले येतेच. खांबावर बी चढते, फायबर बी जोडते. कागद संगं असला तर पुण्याच्या माणसाले सेलू कुठी आलं हे विचाराचं कामच नाई.

का म्हणते?

हो, मीच बोलून राह्यलो. कवडूकाकाच होय. … नाई, पिलो-गिलो काही नाई, आज खंडेनवमी आहे.

आधी काऊन नाई सांगतलं? … आता… आधी नाई सुचलं.

तू पाठव ना त्यायले कारण. माहं आयक. सोमवारी नको येऊ. … अवं, हाकलून नाई राह्यलो! … आचल, असं नको बोलू. तू नको म्हणून नाई म्हटलं. उलट… जाऊ दे. थांब, दुसरा फोन येऊन राह्यला. … कापला. सदाशिवरावच.

हो, अजून बंदच आहे. … सकाळपासून. तुहा पेपर गेला तवापासून. दुकानापासून टेकडीपर्यंत सगळंच. … विचारलं ना वरच्या, आपल्याले नेट पुरवणाऱ्या लोकायले. लावला होता फोन. … ते… पाहून राह्यलो म्हणतात. … हो, तसंच म्हटलं. … सकाळपासून तेच. … तू काऊन इतकं खोदून राह्यली? तू जेव ना आधी.

मी पाहतो माहं. डब्बाच जळला असन. मोठा डब्बा, ज्यात सगळ्या वायरी जातात तो. वर्ध्यावरून नवीन आणतो परवा.

लाईट? डब्याचे? … चालू आहेत. … हां, जळला असता तर चालू नसते, ते बरोबर आहे. … हिरवे. … टिमटिमून राह्यले. … सगळेच. … हो, सगळे संगंच! एकदम फास्ट, लग्नाच्या मांडवातल्या माळेवानी. … नाई, रोज असे नाई करत. रोज एक करते, मंग दुसरा करते. … तुले वडनेरात बसून कसं समजलं?

बंद करून चालू केला ना. दिवसभर तेच करून राह्यलो. … येते. जराक येते अन् पुन्हा जाते. … आता करू? थांब, फोन खांद्यात धरतो. … केला बंद. … करू चालू? … केला. … आलं! आचल, आलं! काकूच्या मोबाईलवर भजन सुरू झालं… गेलं. … हो, पुन्हा सगळे संगंच.

का म्हणतात त्याले? लूप? … समजून सांग. … हां, एकच वायर, तिचं एक तोंड या डब्यात अन् दुसरं तोंड बी याच डब्यात… मंग? … डब्बा निरोप सोडते, तो वायरीतून फिरून त्याच्याचकडे येते, त्याले वाटते नवीन आला, तो पुन्हा सोडते… हां… हां… म्हणजे एकच निरोप गरगर फिरत राह्यते अन् वाढतच जाते. बाकीच्यायले जागाच नाई. … ब्वा!

नाई, खरंच ब्वा. मले आजवर हे कोणी सांगतलं नाई, पोरी. माह्याकडे असं झालं की मी सगळ्या वायरी काढतो अन् एक एक लावत बसतो. लागली तर लागली. कोणत्या कारणानं लागली ते मले बी नाई माहीत राहत. वर गिऱ्हाइकाले सांगतो, पाहा, हाताची कमाल. … हे सगळं त्या परीक्षेत होतं? … अन् तुले येत होतं. … होतंच म्हणते.

आज? … आज नाई काढल्या वायरी. … कशा काढणार, पूजा मांडली ना. डब्याले, शिडीले, क्लिपा दाबाच्या पकडीले, सगळ्या हत्यारायले हळदकुंकू वाह्यलं. काकू म्हणते, पूजेतल्या हत्याराले उद्यापर्यंत हात लावाचा नाई. मी मागचं बटण तेवढं दाबून राह्यलो, ते बी तिच्यापासून लपून.

पूजा कवा केली? … ती… तुले गाडीत बसवून आलो, मंग केली. दुपारून.

नाई. सकाळी नाई. सकाळी कशाले करीन? तू सांगतलतं ना, पेपर होईलोक डब्याच्या त्या रॅकजवळ जाचं नाई. काकूनं मिक्सर नाई लावला. कुकरची शिट्टी नको म्हणून गंजात भात केला. अन् मीच जाईन का रॅकजवळ?

नाई, कोणीच हात नाई लावला. … नवीन काहीच नाई जोडलं. … काल? काल तो लहान डब्बा काढला, खराब झालता तो. … हो, त्याची वायर राह्यली तशीच. एक तोंड मोठ्या डब्यात होतं, दुसरं लोंबत होतं. … मंग लोंबलं तर का झालं? … हो, लोंबत असन तोवर काही नाई होत. तेच म्हणून राह्यलो मी.

पाहू? आता? … पाहतो ना. फुलं आहेत वर. झेंडूची माळ पडली सगळी समोर, काही दिसत नाई. सरकवतो. …

…

काही नाई.

आहे ना मी. पाहून राह्यलो. … निळी. … थांब जराक.

…

आलं.

हो, नेट आलं. लाईट शांत झाले. एक एक करून राह्यले आता. … हो, टिकलं. भजन चालूच आहे. … का केलं म्हणजे? काही नाई केलं. वरूनच सुरू झालं असन.

नेमकं आताच, हो. असं होते कधी कधी.

… हो. खरंच.

… बरं. बरं, ठेव मंग. जेवून घे. … हो, तू म्हणते तसं. सोमवारी ये. … हो, तुह्यासाठी तो नवीन पट्टा काढून ठेवतो, खांबावर चढाचा…

आचल.

आचल, थांब. ठेवू नको. अवं थांब ना!

ती निळी वायर म्याच लावली.

तीच, लोंबणारी. तिचं दुसरं तोंड म्याच घातलं डब्यात. सकाळी. तू आतमधी परीक्षेले बसली होती तवा.

आयकून घे आधी, मंग बोल. … पूजा सकाळीच केली म्या. काकू म्हणे, दुपारून नवमी सरते, आधी करून घ्या. मले वाटलं, फुलंच तर वाहाची आहेत, डब्याले कुठी हात लावाचा आहे. फडक्यानं धूळ पुसली. हळदकुंकू लावलं. माळ घातली. अन् ती वायर मधातच लोंबून राह्यली ना, पूजेच्या समोर. वाईट दिसे. बाजूले एक भोक रिकामं होतं. देली टोचून. … कशाले म्हणजे? चांगलं दिसावं म्हणून! दुसरं काहीच नाई. डोकं तिथं होतंच नाई, हात गेला. जन्मभराचा हात आहे, लोंबती वायर दिसली की आपोआप जाते. याच हाताचा टेंभा मिरवतो मी गावभर.

उदबत्ती पेटवून राह्यलो होतो, तवर आतून तुहा आवाज आला. काका, नेट गेलं.

नाई! जाणूनबुजून नाई. आपल्या बुढीची, माह्या मायची शपथ. … मले माहीतच नाई होतं असं होते म्हणून. आता तू सांगतलं, तवा समजलं. … हो. हात लावला, ते माहीत होतं. ते सकाळपासून माहीत होतं. … वरच्या लोकायनं तर दुपारीच सांगतलं, आमच्याकडून सगळं ठीक आहे, तुमच्याकडे पाहा. … हो, तुले खोटं सांगतलं. बसस्टँडवर बी, आता बी. पूजेचा बहाणा करून माळेखाली पाह्यलं बी नाई दिवसभर. भेव वाटलं. पाह्यलं तर दिसन म्हणून.

दे, शिव्या दे मले.

…

अजून एक आहे.

नाई, सांगू दे मले. हे काकूले बी नाई सांगतलं. … तू डोळे पुसत बाहेर आली ना खोलीतून? म्या तुले पाणी देलं. गिलास देता देता मनात आलं, चला, पोरगी आता कुठी जात नाई. … खुशी झाली मले, आचल. तू समोर रडून राह्यली होती अन् मले आतून बरं वाटून राह्यलं. … वायरीची गलती होते माणसाकडून. पण हे? असा काका असते का कोणाचा? सकाळपासून मले घास नाई गेला, तो याच्यानं. वायरीनं नाई.

काऊन म्हणजे? … तू आठवीत होती तवापासून सुट्ट्यायमधी येत होती दुकानात. काकूले अन् मले लेकरू नाई. म्या मनात ठरवूनच टाकलं होतं, हे सगळं आचलचं. … हो, तुले विचारलं नाई. … विचारलं असतं तर तू नाई म्हटलं असतं, म्हणून नाई विचारलं. त्याच्यापेक्षा कागदाले शिव्या देणं सोपं होतं. कागदानं माहं का बिघडवलं होतं? तो तुले नेऊन राह्यला होता, एवढंच.

का म्हणते? परीक्षावाल्यायले लिहून देऊ?

हां. … हां, लिहितो ना. म्याच लिहून देतो. 'माह्या हातून चूक झाली, पोरीचा काही दोष नाई, तिले पुन्हा बसवा.' इंग्रजीत तू कर, खाली मी सही करतो. दुकानाचा शिक्का मारतो. … समजू दे गावाले. सदाशिवरावले मीच सांगतो आधी.

काऊन नाई चालत? … खाली का लिहिलं आहे? वाच. … 'प्रमाणित नेटवर्क इंजिनिअरनं तपासून कारण कळवावं.' … प्रमाणित म्हणजे? … सर्टिफिकेटवाला.

…

म्हणजे डब्बा माहा, हात माहा, गलती माही… अन् ती गलती बी माह्या सांगण्यावर खरी नाई मानत ते?

… हासू नाई तर का करू, बाई.

इथं कोण आहे असा? … वर्ध्यात? … कोण, वैभव? … नाई. तो नाई. तो सोडून कोणी बी सांग. … अवं, त्यानंच नेलं ना त्या कॉलेजचं काम. वायर सगळी म्या टाकली होती तिथं. त्यायनं त्याचा कागद पाह्यला, अन् मले चहा पाजून घरी पाठवलं. … नाई, त्यानं मले काही म्हटलं नाई. मीच म्हटलं त्याले. भर चौकात, कागदी पैलवान. तो तिथंच गाडीवर बसला होता, मान खाली घालून गेला बिचारा. … दुसरा नागपूरचा आहे, पण तो उद्या दसऱ्याले येते का? … हो, उद्यापर्यंतच पाहिजे. समजलं.

तू नको बोलू त्याच्यासंगं. … तू काऊन बोलशीन? गलती माही, मीच बोलतो. … येईन तो. वर्ध्यावरून सेलू का दूर आहे? नाई आला तर मी जातो, डब्बा उचलून नेतो. … हो, पुन्हा लावून दाखवतो त्याले ती वायर, असे लाईट होते म्हणून. … काकूले सांगतो, पूजेतलं हत्यार उचलतो म्हणून. काऊन उचलतो ते बी सांगतो. … सगळंच सांगतो, हो.

लूपच म्हणाचं ना? … बरं. लूप.

अन् त्यानं लिहून देलं की लगेच पाठवजो. … पास होशीन तू. एवढ्या दुरून माहा डब्बा दुरुस्त केला, तुले कोण नापास करते? … अन् पुण्याले जाजो. … हो, मीच म्हणून राह्यलो. जाजो.

का? … पुन्हा म्हण. … आता बी आहे का, म्हणते? ती खुशी? परीक्षा गेल्याची?

…

आहे, आचल. जराक आहे अजून. खोटं नाई बोलत आता. … जाईन ती हळूहळू. तू तिच्याकडे नको पाहू. तू जाजो.

… राग आहे तर राहू दे. लवकर नको सोडू. तू लवकर सोडला तर मले अजूनच वाईट वाटन.

हो. … दादाले? तू नको सांगू. उद्या येईन ना तो सोनं घेऊन, मी सांगतो समोर बसून. … हो, काही बी म्हटलं तरी आयकून घेतो.

ठेव आता. वैभव उद्या सणाले कुठी निघाच्या आधी त्याले आताच फोन लावतो. … नाई, तू ठेव आधी. … अवं ठेव ना, माह्याच्यानं नाई ठेवल्या जात.

… ठेव, बाई.